ईटिंग डिसऑर्डरमधून बाहेर पडताना काय वाचावं आणि काय बाजूला ठेवावं

वयाने माझ्या भाचीएवढी आहेस म्हणून सरळ तू म्हणते, चालेल ना. तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की वय २४, पुण्यात पीजीमध्ये राहतेस, दिवसभर चहा-कॉफीवर काढतेस, रात्री ऑनलाइन मागवून खूप खातेस आणि मग उलटी काढतेस, अकरावीपासून हे कमी-जास्त चालूच आहे, थेरपिस्टकडे जायची अजून हिंमत होत नाही म्हणून आधी वाचून समजून घ्यायचंय, आई साताऱ्याला असते आणि तिला इंग्रजी वाचता येत नाही तर मराठीत काही आहे का, आणि शेवटी हळूच लिहिलंयस की पाच-सहा पुस्तकं डाउनलोड करून झालीत, अर्धीमुर्धी वाचलीस, पण बदललं काहीच नाही, उलट जास्त वाईट वाटतं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ईटिंग डिसऑर्डर म्हणजे खाण्याच्या आजाराच्या पेशंटबरोबर बरीच वर्षं काम करतेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

तुझ्या त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. युरोपात लोक उपाशी होते, त्यांना परत खायला घालायचं ते कसं, हे कळावं म्हणून. तत्त्व म्हणून युद्धावर जायला नकार दिलेले ३६ तरुण स्वतःहून तयार झाले, सगळे तब्येतीने आणि मनाने ठणठणीत, मुद्दाम तसेच निवडलेले. १९४५ मध्ये साधारण सहा महिने त्यांना नेहमीच्या जवळपास निम्मं जेवण दिलं. आणि काय झालं बघ. ज्या पोरांना कधी स्वयंपाकात रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले, रेसिपी उतरवून घ्यायला लागले, एकेक जेवण तासभर पुरवायचं, ताटली चाटायची, च्युइंगगम आणि कॉफी इतकी की त्यावर मर्यादा घालावी लागली. चिडचिड, उदासी, मित्रांपासून तुटणं, कशातच लक्ष न लागणं. आणि परत जेवण वाढवल्यावर त्यांच्यातले काही जण पोट फुटेस्तोवर खायचे तरी पोट भरल्यासारखं वाटायचं नाही. यातल्या एकालाही आधी ईटिंग डिसऑर्डर नव्हता. कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे सगळं १९५० मध्ये 'द बायॉलॉजी ऑफ ह्यूमन स्टार्व्हेशन' या दोन खंडांत छापलं. ते जाडजूड खंड तू वाचायची काहीच गरज नाही, पण ही गोष्ट माहीत असणं मला फार महत्त्वाचं वाटतं आणि माझ्या प्रत्येक पेशंटला मी ती पहिल्या दोन-तीन भेटींत सांगतेच.

का सांगते, तर दोन कारणं. पहिलं म्हणजे तू जे "माझ्यात विल पॉवरच नाही" लिहिलंयस ना, त्याला यात उत्तर आहे. दिवसभर उपाशी राहिलेलं शरीर रात्री हल्ला केल्यासारखं खातं, हे त्या ३६ जणांच्याही शरीराने केलं, तुझं शरीर वेगळं काही करत नाहीये. रात्रीचं बिंज, म्हणजे ताबा सुटून थोड्या वेळात खूप खाणं, थांबवायचं तर काम रात्री करायचं नसतं, सकाळी नऊ वाजता करायचं असतं. दुसरं कारण वाचनाबद्दलचं. भुकेलेला मेंदू खाण्याबद्दल वाचत बसतो. रात्री दोनला फोनवर ईटिंग डिसऑर्डरची पुस्तकं चाळणं, दुसऱ्यांचे अनुभव वाचणं, आज कोण काय खातंय ते बघणं, यातला बराच भाग त्या पोरांच्या पाककृतींच्या पुस्तकांसारखाच आहे, म्हणजे आजाराचंच एक लक्षण. यात तुझा दोष काही नाही. पण म्हणून माझा सल्ला असा की पोटात काहीतरी घालूनच वाचायला बस, रात्री दहानंतर या विषयावर अजिबात वाचू नकोस, आणि एका वेळी एकच पुस्तक. बाकीची सध्या फोनमधून काढून टाक, कुठे पळून जात नाहीत ती.

आता ते एक पुस्तक कुठलं. तू सांगितलेल्या पॅटर्नसाठी, म्हणजे उपास-बिंज-उलटी या चक्रासाठी, मी ख्रिस्टोफर फेअरबर्न यांचं 'ओव्हरकमिंग बिंज ईटिंग' सांगेन, दुसरी आवृत्ती घे, २०१३ ची. हे ऑक्सफर्डचे सायकियाट्रिस्ट, या आजारांसाठी जी सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी, वापरतात ती घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. पुस्तकाचे दोन भाग आहेत, पहिल्यात आजाराची माहिती आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष करायचा प्रोग्रॅम. बहुतेक जण पहिला भाग वाचून हलतात, रडतात, "अरे हे तर माझंच" म्हणतात आणि दुसऱ्या भागाशी पोचतच नाहीत. तू उलटं कर. पहिला भाग चाळ, दोन दिवसांत संपव, आणि मुक्काम दुसऱ्या भागात कर, पुढचे तीन-चार महिने.

त्या दुसऱ्या भागाची पहिली पायरी म्हणजे नोंद ठेवणं. रोज एक कागद. वेळ, काय खाल्लं, कुठे बसून खाल्लं, खाताना हे जास्त होतंय असं वाटलं तर तिथे एक फुली, उलटी झाली किंवा जुलाबाची गोळी घेतली तर त्याची खूण, आणि शेवटी एक मोकळा रकाना, तेव्हा काय चाललं होतं त्यासाठी. कॅलरी लिहायच्या नाहीत, ग्रॅम नाहीत. "दोन पोळ्या, बटाट्याची भाजी" इतकंच. आणि हे खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं, रात्री आठवून नाही, कारण रात्री आठवून लिहिलेला कागद हा फक्त स्वतःला शिव्या घालायचा कागद होतो.

नमुना म्हणून सांगते, असे कागद मी नेहमी बघते. सकाळी साडेआठ, चहा, बेडवर, मोकळ्या रकान्यात "काल रात्रीचं भरून काढायचं". दुपारी दीड, ब्लॅक कॉफी, ऑफिस, "सगळे जेवायला गेले, मी मीटिंग आहे सांगितलं". संध्याकाळी सहा, दोन बिस्किटं, पुढे फुली. रात्री पावणेअकरा, बिर्याणी, ब्राउनी, वेफर्स, रूमवर, फुली फुली, उलटी, आणि शेवटच्या रकान्यात "आईचा फोन, पाहुणे बघायला येतायत रविवारी". आता या कागदात बघ, कुठेही हावरटपणा दिसत नाही. दिसतो तो, दोन बिस्किटं सोडली तर, चौदा तासांचा उपास आणि एक फोन. सात-आठ दिवसांचे कागद शेजारी शेजारी ठेवले की पेशंटलाच ते दिसतं, मला बोलावं लागत नाही. नुसतं वाचून हे घडत नाही, पेनानेच घडतं.

दुसरी पायरी ठरावीक वेळी खाणं. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी, दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही, भूक असो नसो. हे आपल्याकडे खरं तर सोपं आहे, आपल्या घरांचा दिवस असाच असायचा, सकाळी पोहे किंवा पोळी-चहा, दुपारी जेवण, चार-साडेचारला चहाबरोबर काहीतरी, रात्री वरण-भात-भाजी. तुझ्यासारख्या मुलीला सुरुवातीला यातलं काय खायचं हे ठरवायचंसुद्धा नसतं, फक्त कधी खायचं ते ठरवायचं. काय खावं हा विषय पुस्तकात नंतर येतो, डाएटिंगच्या भागात, घाई करू नकोस. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, बस. रोज काट्यावर उभं राहणं बंद.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपल्याकडे गेली काही वर्षं दिवसातून दोनदाच जेवा, सोळा तास उपाशी राहा, हे घराघरात पोचलंय, व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, ऑफिसमध्ये चॅलेंज असतात. ज्याला हा आजार नाही त्याने काय करावं यात मला पडायचं नाही. पण ज्याला बिंज आणि उलटीचा त्रास आहे त्याने हे करू नये, कुणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी नाही. हीच गोष्ट संकष्टीची, एकादशीची, नवरात्राच्या नऊ दिवसांची. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींचा आजार उपवासाच्या आड वर्षानुवर्षं लपलेला असतो, घरचे उलट कौतुक करतात, किती मनोभावे करते म्हणून. आजाऱ्याने उपास करू नये असं आपल्या आज्यासुद्धा म्हणायच्या, देवाला चालतं ते. बरी झालीस की मग तुझं तू ठरव.

पुस्तक एकटीने करायचं की कुणाबरोबर, हा पुढचा मुद्दा. इंग्लंडमध्ये नाईस नावाची सरकारी संस्था उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढते, त्यांनी २०१७ मध्ये असं सांगितलं की बिंज आणि बुलिमिया (म्हणजे बिंजनंतर उलट्या, जुलाबाच्या गोळ्या किंवा उपासाने ते भरून काढणं) असणाऱ्या मोठ्या माणसांना आधी अशा पुस्तकावर आधारित सेल्फ-हेल्प द्या, पण ती कुणाच्या तरी मदतीने, थोड्या महिन्यांत चार ते नऊ छोट्या भेटी, एकेक भेट वीस मिनिटांची. वीस मिनिटं फक्त! म्हणजे तुला जी भीती वाटतेय की थेरपी म्हणजे आठवड्याला तासभर कोचावर बसून लहानपण उकरायचं आणि हजारो रुपये घालवायचे, तसं सुरुवातीला असायलाच हवं असं नाही. एखाद्या सायकॉलॉजिस्टला तू सरळ म्हणू शकतेस की मला हे पुस्तक करायचंय, तुम्ही माझे कागद बघाल का. मी स्वतः असं काम बऱ्याच जणींबरोबर केलंय आणि ज्यांच्याबरोबर कुणीतरी होतं त्या जास्त टिकल्या, हे माझं निरीक्षण. अगदीच कुणी मिळेपर्यंत एखादी भरवशाची मैत्रीण चालेल, जी वजनाबद्दल बोलणार नाही आणि रोज रात्री फक्त "कागद लिहिलास का" एवढं विचारेल.

पैसे घालवायचे नसतील तर ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या सेंटर फॉर क्लिनिकल इंटरव्हेन्शन्स या सरकारी केंद्राची वर्कबुकं इंटरनेटवर फुकट आहेत, छोट्या छोट्या मॉड्यूलमध्ये, भाषा सोपी, प्रिंट काढून भरता येतात. इंग्रजी पुस्तकाचा कंटाळा येणाऱ्यांना मी आधी तीच देते. मात्र तीही तशीच, एक मॉड्यूल भरून झाल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही.

आता पुस्तक बाजूला ठेव आणि हा परिच्छेद नीट वाच. फेअरबर्न स्वतःच सांगतात की वजन खूप कमी असेल, प्रेग्नन्सी असेल, मोठा शारीरिक आजार किंवा खूप डिप्रेशन असेल तर एकटीने पुस्तकावर अवलंबून राहू नका. तू उलट्या काढतेस म्हणून तुला या आठवड्यात एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासायचंय, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, आणि एक ईसीजी. उलट्यांनी आणि जुलाबाच्या गोळ्यांनी पोटॅशियम खाली जातं आणि पोटॅशियम खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी कधी आधी काही जाणवल्याशिवाय. डॉक्टरला खरं सांग की उलट्या स्वतःहून काढते, नाहीतर ते ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवतील. पायात सारखे गोळे येणं, छातीत धडधड, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी, उलटीत रक्त, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं होत नाही, शरीर बराच काळ सांभाळून घेतं. दातांसाठी एक साधी गोष्ट, उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नकोस, आम्लाने मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं, फक्त पाण्याने चूळ भर.

जुलाबाच्या गोळ्यांचा उल्लेख तू केला नाहीस पण वाचणाऱ्या इतरांसाठी, त्या मोठ्या आतड्यावर काम करतात आणि अन्न तोपर्यंत लहान आतड्यात शोषलं गेलेलं असतं. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं. उलटीनेही खाल्लेलं सगळं बाहेर पडत नाही, म्हणून तर वर्षानुवर्षं उलट्या काढणाऱ्यांचं वजन बऱ्याचदा चारचौघांसारखंच असतं आणि घरी कुणाला पत्ता लागत नाही. "मी कुठे बारीक आहे, मला हा आजार कसा असेल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. या एका वाक्यासाठी जेनिफर गॉडियानी या डॉक्टरीणबाईंचं 'सिक इनफ' हे २०१८ चं पुस्तक आहे, उपासमार आणि उलट्या शरीराच्या कुठल्या भागाचं काय करतात ते त्यात पेशंटला कळेल असं लिहिलंय. पण तुला मी ते आत्ता देणार नाही. एखादीला अजून पटतच नसेल की आपण आजारी आहोत तर तिला देते, तुला पटलंय, तुला भीतीचा आणखी डोस नकोय.

काय वाचू नकोस हेही सांगते कारण ते जास्त गरजेचं आहे. आत्मकथा. या आजारावरच्या आत्मकथा खूप आहेत, काही अप्रतिम लिहिलेल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आजारात असलेल्या मुलीच्या हातात देण्यासारख्या नाहीत, कारण त्यात आकडे असतात, सगळ्यात कमी वजन किती होतं, दिवसाला काय खायची, कसं लपवायची. बरं झालेल्या माणसाला ते दुःख वाटतं, आजारी माणसाला ते टार्गेट वाटतं. माझी चाचणी सोपी आहे, पुस्तक मध्येच कुठेही चार ठिकाणी उघडायचं, किलो किंवा कॅलरी दिसल्या की परत ठेवायचं. या उत्तरातही मी ते आकडे मुद्दाम टाकलेले नाहीत. हीच चाचणी रील्सना लाव, "मी दिवसभरात काय खाते" वाले, बिफोर-आफ्टर वाले, आणि "माझा रिकव्हरी प्रवास" वाले ज्यात जुने हडकुळे फोटो असतात तेसुद्धा. नॉट इंटरेस्टेड दाबत राहा, आठवड्याभरात फीड बऱ्यापैकी बदलतं. कॅलरी मोजायचं ॲप असेल तर ते काढून टाक, आज.

'इन्ट्युइटिव्ह ईटिंग' बद्दल पण विचारलंयस. एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन डाएटिशियनचं पुस्तक, १९९५ पासून आवृत्त्या निघतायत, डाएटच्या वेडातून बाहेर काढणारं म्हणून मला आवडतं. पण त्याचा पायाच असा की भूक लागली की खा, पोट भरलं की थांब. तुझी भुकेची आणि पोट भरल्याची जाणीव सध्या इतक्या वर्षांच्या उपास आणि उलट्यांनी गडबडलेली आहे, ती विश्वासाची नाही. आधी काही महिने घड्याळ, मग ते पुस्तक. जेनी शेफर यांचं 'लाइफ विदाउट एड', २००४ चं, मात्र मध्ये मध्ये वाचलंस तर चालेल. तिने आजाराला एड (ईटिंग डिसऑर्डरची इंग्रजी आद्याक्षरं) नाव देऊन त्याला छळणाऱ्या नवऱ्यासारखं धरलंय आणि त्याच्यापासून घटस्फोट घेतलाय, प्रकरणं दोन-तीन पानांची, बसमध्ये वाचून होतात. हा आवाज माझा नाही, आजाराचा आहे, हे वेगळं करता येणं फार उपयोगी पडतं.

अजून एक गोष्ट या पुस्तकांबद्दल, आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी. बहुतेक पुस्तकं अमेरिकेत-इंग्लंडात लिहिलेली आणि त्यात जाड व्हायची भीती हा आजाराचा गाभा धरलेला असतो. १९९० च्या दशकात हाँगकाँगचे सायकियाट्रिस्ट सिंग ली यांनी दाखवलं की त्यांच्या कितीतरी ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे खाणं अगदी तोडून वजन धोकादायक उतरण्याच्या आजाराच्या, पेशंटना अशी भीती नव्हतीच, त्या म्हणायच्या पोट फुगतं, भूक नाही, जात नाही. दिल्लीतल्या डॉक्टरांनीही १९९५ मध्ये पाच तरुणींच्या केसेस मांडल्या होत्या, खाणं बंद, सततच्या उलट्या, वजन खूप उतरलेलं, पाळी थांबलेली, पण शरीराबद्दलची ती ठरावीक विकृत कल्पना नाही. माझ्याकडेही अशा मुली येतात, पोटाच्या डॉक्टरकडे दोन-तीन वेळा एंडोस्कोपी होऊन आलेल्या, सगळे रिपोर्ट क्लिअर, आणि घरात कुणीतरी गेलेलं, किंवा नीटचा दुसरा अटेंप्ट, किंवा लग्न लादलेलं. त्यामुळे पुस्तकातलं वर्णन आपल्याशी जुळत नाही म्हणजे आपल्याला काही झालेलं नाही असा अर्थ काढू नका, कुणीच. मुलग्यांनी तर नाहीच. जिममधली प्रोटीन-कटिंगची मुलं, तालमीत स्पर्धेआधी पाणी तोडून वजन उतरवणारी मुलं, ती तर या पुस्तकांच्या कव्हरवर कधी दिसतच नाहीत.

आता आईचं. मराठीत मी आईच्या हातात डोळे मिटून देऊ शकेन असं पुस्तक माझ्याकडे नाही. लेख येतात वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, पण बरेचसे सेलिब्रिटीच्या फोटोने सुरू होऊन "संतुलित आहार घ्या" वर संपतात. म्हणून मी पालकांना तोंडीच समजावते किंवा एक पान लिहून देते. तुला इथेच देते, तुझ्या शब्दांत बदलून घे आणि फोनवर वाचून दाखव, समोरासमोर जमलं तर फारच चांगलं.

"आई, मला खाण्याचा आजार आहे. डॉक्टर याला आजारच म्हणतात, हे नखरे नाहीत आणि तुझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवणं नाही. मी दिवसभर उपाशी राहते, मग रात्री खूप खाते आणि उलटी काढते. हे मला आवडतं म्हणून नाही करत, मला थांबवता येत नाहीये. तुझं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. मी उपचार घेतेय. तू एवढंच कर, माझ्या वजनाबद्दल, जाड-बारीकबद्दल काही बोलू नकोस, कौतुकानेसुद्धा नको, आणि मावशीला-काकूलाही बोलू देऊ नकोस. मी घरी आले की माझ्याबरोबर जेवायला बस आणि जेवल्यावर अर्धा तास माझ्याशी गप्पा मार, मला एकटीला सोडू नकोस."

ते शेवटचं वाक्य काढू नकोस. जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास हाच उलटीचा धोका असलेला वेळ असतो आणि त्या वेळात आईचं शेजारी बसून मटार सोलणं मी कित्येक औषधांपेक्षा जास्त मानते.

पालकांसाठीचं सगळ्यात चांगलं इंग्रजी पुस्तक म्हणजे लंडनच्या जॅनेट ट्रेझर आणि सहकाऱ्यांचं, मॉड्स्ली हॉस्पिटलच्या अनुभवावरचं, २००७ मध्ये आलेलं. त्यात घरच्यांच्या वागण्याला प्राण्यांची नावं दिलीत. कांगारू म्हणजे पोटाशी धरून ठेवणारी, रात्री बारालाही लेकीच्या अटींवर वेगळी तेल नसलेली भाजी करणारी आई. गेंडा म्हणजे "गप जेव, ताटावरून उठायचं नाही" म्हणून अंगावर जाणारे बाबा. शहामृग म्हणजे वाळूत डोकं, "वयात आल्यावर होतं असं". जेलीफिश म्हणजे सगळ्या भावना बाहेर, लेक जेवली नाही की आई रडायला लागते आणि मग लेकच आईला सांभाळते. आणि व्हायचं काय, तर डॉल्फिन, शेजारून पोहणारा, कधी थोडं पुढे, कधी मागे. तुझा भाऊ किंवा कुणी चुलत बहीण इंग्रजी वाचणारी असेल तर तिला हे दे आणि आईला गोष्टीसारखं सांगायला सांग. मी हे कितीतरी आई-वडिलांना सांगितलंय, लगेच कळतं, लोक स्वतःच म्हणतात "मी गेंडा, ही कांगारू" आणि भांडण जरा कमी होतं.

हे उत्तर एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या, वजन झपाट्याने उतरत चाललेल्या मुलीची आई वाचत असेल तर तुमच्यासाठी वेगळं. ॲनोरेक्सिया हा सगळ्यात जास्त मृत्यू होणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक आहे, तिथे मुलीने पुस्तक वाचून बरं व्हायची वाट बघायची नसते. जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज यांचं 'हेल्प युअर टीनएजर बीट ॲन ईटिंग डिसऑर्डर' तुम्ही वाचा, मुलीने नाही. त्याचा गाभा असा की सध्या जेवणाची सूत्रं आई-बाबांच्या हातात, दोघांनी एका सुरात, मुलीला दोष न देता. या पद्धतीत सुरुवातीलाच कुटुंबाला डबा घेऊन बोलावतात आणि थेरपिस्टसमोर सगळे जेवतात. मला आठवतं, एका घराने वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी, पोळ्या आणल्या होत्या. बाबा म्हणाले "बेटा, निदान दोन घास", आई म्हणाली "राहू दे, संध्याकाळी खाईल", आणि मुलगी शांतपणे दोघांकडे बघत राहिली. आजाराला शिरायला तेवढी फट पुरते. त्या दिवशी आईने फक्त एवढंच बदललं, मुलीच्या शेजारी सरकली आणि "आपण तिघं इथेच आहोत, हा भात संपेपर्यंत" असं म्हणाली, आवाज न चढवता. खूप वेळ लागला पण भात संपला. मात्र बरेच दिवस जवळपास काहीच न खाल्लेल्या मुलीला घरच्या घरी एकदम भरपूर खायला घालू नका, रक्तातलं फॉस्फेट अचानक खाली जाऊन जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरच्या देखरेखीतच, काही वेळा ॲडमिट करून.

तुझ्याकडे परत येते. थेरपिस्टला पहिला फोन करायची हिंमत नाही म्हणतेस तर बोलायचं काय ते लिहूनच ठेव. "मला बिंज आणि उलट्यांचा त्रास आहे. तुम्ही ईटिंग डिसऑर्डरच्या पेशंटबरोबर काम केलंय का? सीबीटी करता का? माझ्याबरोबर फेअरबर्नचं पुस्तक करायला तयार आहात का? फी किती, कमी होईल का?" इतकंच. समोरच्याने "अगं मग खा ना नीट" किंवा "आधी वजन कमी करू, बाकी आपोआप होईल" असं काही म्हटलं तर नम्रपणे फोन ठेव आणि पुढचा नंबर लाव, अशी माणसं या कामाला उपयोगाची नाहीत, मग डिग्री काहीही असो. डाएटिशियन निवडतानाही हाच नियम. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये सायकियाट्रीची ओपीडी असते, तिथे नाममात्र खर्चात दाखवता येतं, गर्दी असते पण जा. बुलिमियात काही वेळा औषधांचाही उपयोग होतो, ते सायकियाट्रिस्ट ठरवतील, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने काही आणू नकोस.

आणि एखाद्या रात्री जीव नकोसा वाटला, उलटीनंतर तसं वाटतं हे मला माहितीये, तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह कर. उद्या सकाळी नऊच्या आत काहीतरी खा, पोहे, पोळी, केळं, जे मिळेल ते, आणि कागदावर पहिली ओळ लिही. आठवडाभराचे कागद झाले की परत विचार, पुढे काय करायचं ते त्यावरून सांगेन.